पाचगणीचा फ्रेडी आणि समीक्षकांचा दरबार

वाईहून पसरणीचा घाट चढून वर आले की कृष्णेचे खोरे मागे पडते आणि पाचगणीची थंड हवा अंगाला जाणवू लागते. सिल्व्हर ओकच्या रांगा, टेबललॅण्डचे विस्तीर्ण पठार आणि इंग्रजी अमदानीपासून चालत आलेल्या निवासी शाळा ही सातारा जिल्ह्यातील या गावाची जुनी ओळख. १९५०च्या दशकाच्या मध्यास यांपैकी सेंट पीटर्स या शाळेत आठ वर्षांचा एक पारशी मुलगा दाखल झाला. आईवडील आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांझिबारमध्ये होते. समुद्र ओलांडून आलेल्या या मुलाचे नाव फारुख बल्सारा. पुढे सारे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी या नावाने ओळखू लागले. ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचा हा गायक स्टेडियमे भरून टाकत असे. मात्र ज्यांच्या लेखणीवर त्या काळी रॉक संगीताची प्रतिष्ठा ठरत असे, त्या समीक्षकांनी त्याला हयातभर क्वचितच आपले म्हटले. त्याच्या आयुष्याचा हा पैलू कोणत्याही कलेच्या रसिकाने पुन्हा पुन्हा तपासून पाहावा असा आहे.

फारुखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये झाला. वडील बोमी बल्सारा ब्रिटिश सरकारच्या नोकरीत, न्यायालयात रोखपाल होते. आईचे नाव जेर. बल्सारा हे आडनावच सांगते की घराण्याचे मूळ गुजरातेतील बलसाडचे, म्हणजे आजच्या वलसाडचे. धाकटी बहीण काश्मिरा १९५२ मध्ये जन्मली. झांझिबारमध्ये मनाजोगत्या शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून मुलाला भारतात पाठविण्याचा निर्णय झाला. सुट्ट्या बहुतेक मुंबईला, आजी आणि मावशीच्या घरी जात. आठव्या वर्षी घरापासून दुरावलेल्या मुलाने एकटेपणावर काय उपाय शोधला असेल, याचे उत्तर शाळेतल्या पियानोपाशी सापडते.

पाचगणीत त्याच्या सांगीतिक आयुष्याचा पाया घातला गेला. मुलाची गती ओळखून मुख्याध्यापकांनी घरी पत्र लिहिले व पियानोच्या जादा शिकवणीची शिफारस केली. पाश्चात्त्य संगीताच्या चार श्रेणी त्याने पूर्ण केल्या. याच शाळेत फारुखचा फ्रेडी झाला. पुढे आलेल्या दातांवरून मुले त्याला चिडवत. हात पुढे करून ओठ झाकण्याची सवय त्याला जन्मभर राहिली. बाराव्या वर्षी त्याने चार मित्रांसह ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. क्लिफ रिचर्ड, लिट्ल रिचर्ड यांची गाणी ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत वाजवीत. फ्रेडी त्यांत पियानोवर असे. रेडिओवर एकदा ऐकलेली धून तो लगेच पियानोवर उतरवी, अशी त्याच्या सोबत्यांची आठवण आहे.

हा रेडिओचा संदर्भ महत्त्वाचा आहे. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रातील नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होते. चित्रपटगीते अभिरुचीला हीन ठरतात, असा केसकरांचा ठाम समज. त्यामुळे आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी मात्र आपापले काटे रेडिओ सिलोनकडे वळविले. हिंदी चित्रपटगीते आणि इंग्रजी लोकप्रिय गाणी असे दोन्ही तेथे ऐकावयास मिळे. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीला विविधभारती सुरू करावी लागली. म्हणजे फ्रेडी पाचगणीत वाढत होता ती वर्षेच मुळी अधिकृत अभिरुची आणि श्रोत्यांची आवड यांच्यातील झगड्याची होती. आपल्या आयुष्यात हाच झगडा निराळ्या रूपाने उभा राहणार आहे, हे त्या मुलाला तेव्हा कळणे शक्य नव्हते.

त्याच्या चरित्रपर लेखनात बालपणीच्या संस्कारांमध्ये एक नाव आवर्जून येते, ते लता मंगेशकरांचे. पाचगणीच्या पायथ्याशी दिसणारी कृष्णा वाई, कऱ्हाड करीत सांगलीला पोहोचते. त्याच सांगलीत मास्टर दीनानाथांचे बिऱ्हाड असताना लताबाईंचे बालपण गेले, आणि आशाबाईंचा जन्मही १९३३ मध्ये तेथलाच. सांगलीतच १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले व मराठी नाटकाचा पाया घातला. गाणे आणि नाट्य यांची फारकत न मानणारी परंपरा या कृष्णाकाठाने वाढविली. फ्रेडीने ती परंपरा शिकून घेतली, असा दावा करणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि त्याची कला समजून घेण्याची एक किल्ली मराठी वाचकाच्या खिशात आधीपासूनच आहे, एवढे खचित म्हणता येईल.

१९६०च्या दशकाच्या प्रारंभी फ्रेडी झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तेथे रक्तरंजित क्रांती झाली. अरब आणि भारतीय वंशाच्या असंख्य कुटुंबांप्रमाणे बल्सारा मंडळींनीही जे हाती लागले ते घेऊन देश सोडला व इंग्लंड गाठले. लंडनच्या विमानतळाजवळील फेल्टम या उपनगरात त्यांनी नव्याने संसार मांडला. सतरा वर्षांच्या फ्रेडीने दुसऱ्यांदा घर गमावले होते. पुढे ईलिंग येथील कलाविद्यालयातून त्याने १९६९ मध्ये ग्राफिक कलेची पदविका मिळविली. पोटासाठी हीथ्रोवर सामान वाहण्याचे काम केले, केन्सिंग्टनच्या बाजारात ड्रमवादक मित्र रॉजर टेलर याच्यासह जुने कपडे विकले. टेलर आणि खगोलभौतिकीचा विद्यार्थी असलेला गिटारवादक ब्रायन मे ‘स्माइल’ नावाच्या वाद्यवृंदात होते. त्यांचा गायक १९७० मध्ये बाहेर पडला आणि ती जागा फ्रेडीने घेतली. वाद्यवृंदाला ‘क्वीन’ हे नाव त्यानेच सुचविले. आपले आडनावही बदलून मर्क्युरी केले. १९७१ मध्ये बेस गिटारवादक जॉन डीकन येऊन मिळाला. चौघांच्या राशी गुंफून क्वीनचे मानचिन्हही फ्रेडीनेच रेखाटले.

ब्रायन मेची गिटार हा एक स्वतंत्र विषय आहे. ती त्याने वडिलांच्या मदतीने घरीच तयार केली होती, जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून. सांगली जिल्ह्यातील मिरजेत भोपळ्यापासून सतार-तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांना या खटाटोपाचे मर्म सहज उमगेल. वाद्याचा नाद हा हाताने घडवावयाचा असतो, ही ती दृष्टी. म्हणूनच १९८०पूर्वीच्या आपल्या अल्बमांच्या वेष्टनांवर सिंथेसायझर वापरला नसल्याची नोंद हा वाद्यवृंद अभिमानाने करीत असे.

पहिला अल्बम ‘क्वीन’ जुलै १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाने त्याचे स्वागत केले. लेड झेपेलिनचा वारसा चालविण्याची शक्यता समीक्षकाला या नवोदितांत दिसली. खुद्द इंग्लंडमध्ये मात्र ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या वजनदार साप्ताहिकात निक केंट या समीक्षकाने या ध्वनिमुद्रिकेला अशी गलिच्छ उपमा दिली, की ती येथे छापणे प्रशस्त नव्हे. १९७४च्या ‘क्वीन टू’ या अल्बमने ब्रिटिश विक्रीच्या यादीत पाचवे स्थान मिळविले, त्याच वर्षीच्या ‘किलर क्वीन’ या गाण्याने दुसरे. श्रोते आणि समीक्षक यांच्या वाटा येथूनच वेगळ्या होऊ लागल्या.

समीक्षकांच्या रोषामागे केवळ खवचटपणा नव्हता. त्या काळच्या रॉक समीक्षेची एक निष्ठा होती. रॉक हे बंडखोरांचे संगीत, ते रस्त्यावरून आले पाहिजे, त्यात कृत्रिम साज नको, गायकाने आपल्या मनातले उघडे करून दाखविले पाहिजे, असे ती मानत असे. १९७६-७७ मध्ये पंक संगीताची लाट आली तेव्हा ही निष्ठा अधिकच कडवी झाली. अशा वातावरणात रेशमी झगे घालणारा, नखे रंगविणारा, शॅम्पेनचा पेला उंचावणारा आणि पियानोवर ऑपेराचे आविर्भाव करणारा गायक म्हणजे समीक्षकांच्या दृष्टीने ढोंगाची मूर्तीच होती. फ्रेडी आपल्या गाण्यांचा अर्थ सांगावयास नकार देई, मुलाखती टाळी आणि आपली गाणी वापरून टाकून देण्याच्या वस्तूंसारखी आहेत असे मिस्किलपणे सुचवी. ही विनोदबुद्धी टीकाकारांनी शब्दशः घेतली.

‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ हा चौथा अल्बम नोव्हेंबर १९७५ मध्ये आला. त्यातील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे फ्रेडीने रचलेले गाणे ५ मिनिटे ५५ सेकंदांचे. भावगीताने प्रारंभ, मध्ये ऑपेराचा विडंबनवजा कल्लोळ, मग कडक रॉक आणि अखेर पुन्हा शांत विराम, अशी त्याची बांधणी. ध्रुवपद असे त्यात नाहीच. चोवीस ट्रॅकच्या फितीवर तिघांच्या आवाजांचे थरावर थर चढवून हा कल्लोळ उभा केला गेला. त्यासाठी सुमारे तीन आठवडे लागले. तीन मिनिटांहून लांब गाणे रेडिओवर वाजणार नाही, म्हणून कंपनीचे अधिकारी नाखूश होते. परंतु फ्रेडीचा स्नेही असलेल्या केनी एव्हरेट या निवेदकाने ते एका शनिवार-रविवारात चौदा वेळा वाजविले आणि लोक दुकानांत त्याची मागणी करू लागले. हे गाणे ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकाच्या समीक्षकाला मात्र त्यात गल्लीतल्या हौशी ऑपेरा मंडळाचा गोंगाट ऐकू आला.

येथे सांगलीची ती किल्ली कामी येते. संगीत नाटकात पात्र संकटाच्या ऐन क्षणी पद गाऊ लागते, तेव्हा प्रेक्षक त्याला खोटे म्हणत नाही. रंगलेला चेहरा, भरजरी पोशाख, ताना आणि टाळ्या या साऱ्या मान्य केलेल्या संकेतांतूनच त्याला खरी भावना भिडते. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकेतील सच्चेपणा तपासण्यासाठी कोणी शालू बाजूला सारला नाही. रॉक समीक्षकांपाशी हा संकेत नव्हता. मुखवटा म्हणजे फसवणूक, असे त्यांचे समीकरण होते. ज्याला दोनदा घर सोडावे लागले, ज्याचे नाव, वंश आणि प्रेमाची ओढ यांपैकी काहीच तत्कालीन इंग्लंडमध्ये सहज स्वीकारले जाणारे नव्हते, त्या माणसासाठी मुखवटा हेच बोलण्याचे साधन असू शकते, हा विचार त्यांना शिवला नाही.

१९७७च्या मे महिन्यात स्टॅफर्ड येथील कार्यक्रम संपल्यावर श्रोते जागचे हलले नाहीत. त्यांनीच वाद्यवृंदाला उद्देशून गाणे म्हटले. त्या अनुभवातून श्रोत्यांनी पाय आपटून, टाळ्या वाजवून साथ द्यावी असे ‘वुई विल रॉक यू’ ब्रायन मेने रचले, तर फ्रेडीने ‘वुई आर द चॅम्पियन्स’. त्याच वर्षी ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ने फ्रेडीची मुलाखत छापली आणि हा मनुष्य मूर्ख आहे काय, अशा अर्थाचा मथळा तिला दिला. यानंतर ब्रिटिश संगीतपत्रांशी त्याचे संबंध जवळपास तुटलेच. १९७८च्या ‘जॅझ’ या अल्बमवर ‘रोलिंग स्टोन’मध्ये डेव्ह मार्श या नामांकित समीक्षकाने जो घाव घातला, तो तर अद्याप उद्धृत केला जातो. हजारोंना एका तालावर पाय आपटावयास लावणाऱ्या या गाण्यांत त्याला हुकूमशाहीची चाहूल लागली. क्वीन हा फॅसिस्ट वृत्तीचा पहिलाच रॉक वाद्यवृंद असावा, असा त्याचा निष्कर्ष होता.

हा आरोप हसण्यावारी नेऊ नये. समूहाच्या एकतालाची भीती विसाव्या शतकाने सकारण शिकविली होती. मात्र मार्शने आवाज ऐकला, पण गर्दीत उभे राहून तो अनुभव घेणाऱ्यांचा विचार केला नाही. हुकूमशहा गर्दीला गप्प करून स्वतः बोलतो. येथे गायक गाणे अर्ध्यावर सोडून ते गर्दीच्या हवाली करीत होता. आपल्याकडे कीर्तनकार ज्या सहजतेने श्रोत्यांना नामघोषात सामील करून घेतो, त्याच जातीचे हे कौशल्य होते.

समीक्षक प्रत्येक वेळी चुकले, असेही नाही. १९८०च्या ‘द गेम’ने अमेरिकेत पहिले स्थान मिळविले, १९८१ मध्ये ब्राझीलच्या साव पावलो येथे एका रात्री लाखाहून अधिक श्रोते जमले. परंतु पुढच्याच वर्षीचा ‘हॉट स्पेस’ हा नृत्यसंगीताकडे झुकलेला अल्बम फसला, ही टीका चाहत्यांनीही मान्य केली. त्याहून गंभीर चूक १९८४ची. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीवर कलावंतांचा बहिष्कार असताना क्वीनने सन सिटी येथे कार्यक्रम केले. ब्रिटनच्या वादक संघटनेने त्यांना दंड ठोठावला. आफ्रिकेत जन्मलेल्या, वंशभेदाची झळ ठाऊक असलेल्या फ्रेडीने असे करावे, हे आजही खटकते. येथे टीकाकारांची बाजू निर्विवाद होती.

वाद्यवृंद आता उतरणीला लागला, असे बोलले जात असतानाच १३ जुलै १९८५चा दिवस उगवला. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यार्थ लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर ‘लाइव्ह एड’ भरविण्यात आले होते. सुमारे ७२ हजार श्रोते समोर, आणि जगभरातील असंख्य प्रेक्षक दूरचित्रवाणीसमोर. प्रत्येक वाद्यवृंदाला जेमतेम वीस मिनिटे. क्वीनने त्या वेळेची आधी कसून तालीम केली होती. संध्याकाळच्या उजेडात, ना दिव्यांची आरास ना भरजरी पोशाख, पांढरा बनियन घातलेल्या फ्रेडीने पियानोपासून सुरुवात केली आणि काही मिनिटांतच सारे मैदान त्याच्या हातांच्या इशाऱ्यावर टाळ्या देऊ लागले. पुढे २००५ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरने कलावंत, पत्रकार आणि संगीत व्यवसायातील जाणकारांचे मत घेतले, तेव्हा रॉकच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ प्रत्यक्ष सादरीकरण म्हणून याच वीस-एकवीस मिनिटांची निवड झाली. मत देणाऱ्यांत पत्रकार होते, हे विशेष.

९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे त्याने क्वीनसोबतचा अखेरचा कार्यक्रम केला. १९८७ मध्ये एचआयव्हीचे निदान झाले. त्यानंतरही त्याने स्पॅनिश ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्यासमवेत ‘बार्सिलोना’ हा अल्बम पूर्ण केला. ज्या ऑपेराच्या हौसेपायी त्याची टवाळी झाली, त्या क्षेत्रातील एक श्रेष्ठ गायिका त्याच्याबरोबरीने गात होती. फेब्रुवारी १९९१ मध्ये ‘इन्युएंडो’ आला. शरीर खंगत असताना ध्वनिमुद्रित केलेला तो आवाज ऐकताना आजाराची शंकाही येत नाही. २३ नोव्हेंबरला त्याने एड्स झाल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी त्याचे लंडनमध्ये निधन झाले. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले.

त्या काळी एड्स म्हणजे कलंक होता, आणि वृत्तपत्रांनी त्याच्या दारापुढे अखेरपर्यंत पहारा दिला. रोगापेक्षा त्यामागची लाज अधिक मारते, हे आपल्याकडेही खरे होते. १९९२ मध्ये सांगलीत मीना सेषू यांच्या पुढाकाराने ‘संग्राम’ ही संस्था उभी राहिली आणि वेश्याव्यवसायातील स्त्रियांनीच एचआयव्ही प्रतिबंधाचे काम हाती घ्यावे, हा मार्ग तिने दाखविला. फ्रेडीच्या मृत्यूचा आणि या कार्याचा थेट संबंध नाही. तरीही ज्या कृष्णाकाठावर त्याचे बालपण गेले, त्याच नदीच्या खालच्या अंगाला काही महिन्यांत त्याच रोगाविरुद्ध आणि त्याच लाजेविरुद्ध लढा सुरू व्हावा, हा योग मनाला चटका लावून जातो.

मृत्यूनंतर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा प्रसिद्ध झाले आणि पुन्हा पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्याचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देण्यात आले. २००१ मध्ये क्वीनचा समावेश अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये झाला. ‘रोलिंग स्टोन’ने २००३ मध्ये सर्वश्रेष्ठ पाचशे अल्बमांची यादी केली, तीत ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ला मानाने स्थान दिले. क्वीनच्या निवडक गाण्यांचा १९८१चा संग्रह ब्रिटनमधील सर्वाधिक विक्रीचा अल्बम ठरला. २०१८ मध्ये फ्रेडीवरील चित्रपट आला, तेव्हा जुनाच खेळ पुन्हा रंगला. समीक्षकांनी नाके मुरडली, प्रेक्षकांनी गर्दी केली आणि चित्रपटाने चार ऑस्कर पटकावली.

खप हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे, हे मान्य करावयास हवे. फ्रेडीच्या कहाणीवरून समीक्षा निरर्थक ठरत नाही. सन सिटीच्या वेळी तिने विवेकाची बाजू घेतली, ‘हॉट स्पेस’च्या वेळी ती रास्त होती. पण ऐकण्याआधीच ठरलेले निकष हाती घेऊन बसलेला समीक्षक समोरच्या माणसाला मुकतो. १९७०च्या दशकात या गायकावर इतके लिहिले गेले. त्याच्या झग्यांवर, नखऱ्यांवर रकाने भरले. झांझिबारचे घर आणि पाचगणीच्या वसतिगृहात काढलेली वर्षे यांचा त्याच्या गाण्याशी काय संबंध, याचा शोध घ्यावा असे फारसे कोणाला वाटले नाही. तो स्वतःही त्याविषयी बोलला नाही. विचारणाऱ्याच्या स्वरात कुतूहल असते, तर कदाचित बोललाही असता.

पाचगणीला जाणारे पर्यटक टेबललॅण्डवर घोड्यावरून रपेट मारतात, स्ट्रॉबेरी खातात आणि परततात. कोणा हौशी रसिकाने वाटेत सेंट पीटर्सच्या आवाराकडे क्षणभर पाहावे. रेडिओवरची धून ऐकून पियानोकडे धावणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला तेथे पहिले श्रोते भेटले होते. ते सारे त्याच्यासारखेच घरापासून दूर राहणारे मुलगे होते. अल्बमचे परीक्षण कसे करावे, हे त्यांतील कोणालाच ठाऊक नव्हते. आपला हा सोबती वाजवू लागला की घराची आठवण थोडी कमी होते, एवढे मात्र त्यांना नक्कीच कळत असले पाहिजे.